कालचं पातेलं

टोकियोतल्या जिम्बोचो भागात, एका गल्लीतल्या छोट्या दुकानात मी जी करी खायला जाते, ती त्या दिवशी शिजवलेली नसते. आदल्या दिवशीची असते. रात्रभर फ्रिजमध्ये मुरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गरम होऊन ताटात येते. हे समजल्यापासून मी दुकानाबाहेरच्या रांगेकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. दुपारी बारा वाजता रांग कितीही लांब झाली तरी मालकांना आणखी करी करता येत नाही. किती माणसं जेवणार, हे काल संध्याकाळीच ठरलेलं असतं.

दुकानाचं नाव देत नाही. आत 'कृपया फोटो काढू नका' अशी पाटी आहे, आणि मालक मला एकदा म्हणाले होते की रांग आहे तेवढी पुरे, आणखी वाढली तर शेजारच्या दुकानदाराचं दार अडतं. त्यांच्या शब्दाला मी मान देते. जिम्बोचोत करीची चांगली दुकानं भरपूर आहेत, त्यामुळे माझ्या या दुकानाचा पत्ता मिळाला नाही तरी कुणी उपाशी राहणार नाही.

जिम्बोचो म्हणजे जुन्या पुस्तकांचा बाजार. यासुकुनी-दोरी या मोठ्या रस्त्यावर आणि मागच्या गल्ल्यांत मिळून शंभरावर दुकानं असतील. मोठ्या रस्त्यावरची बहुतेक दुकानं दक्षिणेच्या बाजूला, उत्तरेकडे तोंड करून आहेत, कारण पुस्तकांवर ऊन पडलं की ती विटतात. मी कंपन्यांच्या यंत्रांची माहितीपुस्तकं भाषांतरित करते. जुने तांत्रिक शब्दकोश शोधायला इथे येते, आणि आलं की करी खाऊनच परतते. इथल्या करीच्या परंपरेचं एक कारण नेहमी सांगितलं जातं: करी एका हाताने चमच्याने खाता येते, म्हणून दुसऱ्या हातात पुस्तक धरता येतं. आसपास विद्यापीठं आहेत, विद्यार्थ्यांना स्वस्त आणि पोटभर जेवण हवं असायचं, हे कारण मला जास्त पटतं. क्योएइदो हे करीचं दुकान १९२४ पासून आहे. तिथली करी सुमात्रा पद्धतीची म्हणवते, काळसर आणि पातळ, आणि तिला पीठ अजिबात लावत नाहीत. बॉन्डी हे दुसरं दुकान १९७३ चं. तिथे करीच्या आधी उकडलेले अख्खे बटाटे आणि लोणी समोर येतं. दोन्हीकडे रांगा असतात. माझं दुकान यांच्याइतकं जुनंही नाही आणि प्रसिद्धही नाही. एक काउंटर, नऊ खुर्च्या, चालवणारं साठीच्या पुढचं जोडपं. नवरा शिजवतो, बायको बाकी सगळं बघते.

गेल्या नोव्हेंबरात आत्या नाशिकहून आली होती. तिने जवळजवळ तीस वर्षं घरगुती डबे दिले. एकेकाळी सकाळी साठ-साठ डबे तिच्या ओट्यावरून जात. तिला देवळं आणि बागा दाखवून झाल्या, तशी ती म्हणाली, "अगं, तू एकटी असतेस तेव्हा कुठे जेवतेस ते दाखव की." मग शनिवारी तिला इथे घेऊन आले.

पोचलो तेव्हा एक वाजायला आला होता. गल्लीत दुकानाच्या भिंतीला लागून दहाएक माणसं उभी होती. पुढे एका शटरसमोर जागा मोकळी सोडलेली, आणि तिच्या पलीकडे आणखी पंधरा माणसं. आत्याला वाटलं रांग संपली, ती त्या मोकळ्या जागेकडे निघाली. मी हात धरून तिला मागे नेलं. ते शटर शेजारच्या पुस्तकवाल्याचं होतं आणि त्याच्या दारासमोर कुणी उभं राहायचं नसतं. खुणेसाठी जमिनीवर दोन ठिकाणी टेप चिकटवलेली असते. कुणाला सांगावं लागत नाही, रांग आपोआप तुटते आणि पलीकडे परत सुरू होते.

इथल्या रांगेचा आणखी एक नियम मला फार आवडतो. एकाने उभं राहायचं आणि बाकीच्या चौघांनी ऐन वेळी येऊन मध्ये शिरायचं, हे चालत नाही. सगळे आल्यावरच रांगेला लागायचं. दारावर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. नऊ खुर्च्यांच्या दुकानात हे असायलाच हवं. माझ्या पुढे पाच माणसं दिसतात म्हणून मी उभी राहते आणि दाराशी पोचेपर्यंत पाचाची पंधरा झाली, तर तो माझा वेळ चोरण्यासारखंच आहे.

रांगेत बोलायला वेळ भरपूर होता. आत्याने पहिलाच प्रश्न विचारला, "यांना करी शिकवली कुणी? आपण?"

"नाही आत्या. इंग्रजांनी."

तिला ते रुचलं नाही. पण खरं तेच आहे. मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ च्या दरम्यान, जपानने पाश्चात्त्य जेवण म्हणून ज्या गोष्टी घेतल्या, त्यांतच करी आली. आपल्याकडून इंग्लंडला गेली, तिथे तिची डब्यातली पूड झाली, आणि ती पूड बोटीने इथे आली. १८७२ मध्ये टोकियोत पाश्चात्त्य स्वयंपाकाची दोन पुस्तकं छापली गेली आणि दोन्हींत करी होती. त्यांतल्या एका पुस्तकात कोंबडी, कोळंबी, कालवं यांच्या जोडीला बेडूकही घालायला सांगितला आहे. हे सांगितल्यावर आत्या क्षणभर रांग सोडून जायच्या बेतात होती. पुढे जपानी आरमाराने करी उचलली. १९०८ च्या नौदलाच्या स्वयंपाकाच्या पुस्तकात करी-भाताची कृती आहे: मांस, गाजर, कांदा, बटाटा, आणि चरबीवर परतलेलं गव्हाचं पीठ व करी पावडर. आज जपानमधल्या घराघरांत जी करी होते तिचा सांगाडा हाच. जपानचं सागरी संरक्षण दल आजही शुक्रवारी करी खातं.

"गव्हाचं पीठ?" आत्या म्हणाली. "कढीला बेसन लावतो तसं?"

अगदी तसंच. पण याच पिठावरून इथे एकदा चांगलाच वाद झाला होता आणि त्यात आपला एक माणूस होता, म्हणून तीही गोष्ट मी सांगितली. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये इंग्रजांपासून लपत जपानला आले. टोकियोच्या शिंजुकू भागातल्या नाकामुराया या बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना आसरा दिला. पुढे १९१८ मध्ये त्यांची मुलगी तोशिको हिच्याशी बोस यांचं लग्न झालं. काही वर्षांनी नाकामुरायाने उपाहारगृह काढायचं ठरवलं, तेव्हा बोस यांचं म्हणणं पडलं की जपानमध्ये करी म्हणून जे खातात ती भारतातली करी नव्हे, खरी कशी असते ते लोकांना कळू द्या. १९२७ मध्ये तिथे हाडांसकट कोंबडीची, पीठ न लावलेली करी सुरू झाली. त्या काळी बाहेर दहा-बारा सेनला (शंभर सेन म्हणजे एक येन) करी मिळायची, इथे ऐंशी सेन. तरी लोक आले. नाकामुरायात ती करी आजही मिळते.

मी तिथे जेवले आहे. करी छान आहे आणि बोस यांच्याबद्दल मला अभिमान आहे. पण मला स्वतःला जिम्बोचोच्या गल्लीतली पीठ लावलेली करीच जास्त आवडते, आणि ते कबूल करताना मला जराही संकोच वाटत नाही. आपल्याकडून आलेले पाहुणे इथली करी खाताना पहिल्या घासालाच निकाल देतात: मसाला कमी, गोडसर, घट्ट. हे सगळं खरं आहे. पण ती आपल्या रश्श्याची पडती नक्कल नाही. शंभरावर वर्षं इथल्या भाताबरोबर राहून, इथल्या जिभेने घडवलेला तो वेगळा पदार्थ आहे. इथला तांदूळ आखूड आणि चिकट. त्याच्यावर पातळ रस्सा घातला तर तो खाली जाऊन बसतो आणि वर भाताचे गोळे राहतात. घट्ट करी भाताला धरून राहते आणि चमच्यावर दोन्ही एकत्र येतात. हे तंत्र समजलं की गोडसरपणाचंही काही वाटत नाही.

आमच्या पुढची रांग अर्धी झाली असेल तेव्हा काकू, म्हणजे मालकांची बायको, बाहेर आल्या. हातात लाकडी दांडीला लावलेली एक पाटी होती. त्या रांगेच्या सुरुवातीपासून बोटाने मोजत मागे आल्या, प्रत्येकाला मोठा भात हवा का साधा ते विचारत. आमच्यापाशी पोचल्या, थांबल्या, परत एकदा मोजलं, आणि वाकून मला म्हणाल्या की आज तुमच्यापर्यंतच पुरेल. पाटी त्यांनी आत्याच्या हातात दिली. पाटीवर लिहिलं होतं, 'आजची रांग इथे संपली.'

आत्याला लिहिलेलं वाचता येत नव्हतं, पण मी अर्थ सांगायच्या आधीच तिला कळलं. तिने पाटी दोन्ही हातांनी नीट धरली. पाच मिनिटांत एक विद्यार्थी आला, पाठीवर सॅक, कानात इअरफोन. पाटी वाचली, "आः" असा आवाज काढला, आत्याला मान लववली आणि निघून गेला. मग एक जोडपं आलं. मग सायकलवरून एक आजोबा. ते उतरलेही नाहीत, पाटी पाहून हसले, पुढे गेले. आत्या प्रत्येकाला नमस्कार करत होती. चौथा माणूस गेल्यावर तिने पाटी माझ्या हातात दिली.

"मला नाही जमत हे," ती म्हणाली. "जेवायला आलेल्याला दारातून परत पाठवायचं? तीस वर्षांत मी एकाला नाही म्हटलं नाही."

"आत्या, तू डबे मोजूनच करायचीस ना?"

"मोजूनच. पण दोन जास्त. रोज दोन जास्त. कुणाकडे पाहुणा येतो, कुणाचा डबा सांडतो. दोन जास्तीचे डबे मी शेवटपर्यंत सोडले नाहीत. यांना विचार, हे का नाही ठेवत?"

विचारेन म्हटलं. शेवटचे असण्याचा हा फायदा असतो, मागे कुणी ताटकळत नसल्यामुळे बोलता येतं. एरवी या दुकानात मी कधी बोलत बसत नाही. साधा हिशोब आहे: नऊ खुर्च्या, एका माणसाला वीस मिनिटं, म्हणजे तासाला सत्तावीस माणसं. दिवसाची साधारण ऐंशी ताटं. अकराला उघडलेलं दुकान दोनच्या पुढे आटोपतं. प्रत्येकाने पाच मिनिटं जास्त घेतली, तर शेवटच्या माणसाला आणखी पाऊण तास थंडीत उभं राहावं लागतं. म्हणून एका हातात पुस्तक धरून करी खायची ती गोष्ट या दुकानात तरी कुणी करत नाही. पुस्तकांच्या पिशव्या पायाशी ठेवतात आणि जेवतात.

आमची पाळी आली तेव्हा दोन वाजून गेले होते. दाराच्या आत डावीकडे तिकिटाचं यंत्र आहे. नोट घालायची, बटण दाबायचं, छोटं तिकीट काउंटरवर ठेवायचं. यंत्र जुनं आहे आणि त्यावर हाताने लिहिलेला कागद चिकटवलाय: नव्या नोटा चालणार नाहीत. जुलै २०२४ मध्ये इथे दहा हजार, पाच हजार आणि एक हजार येनच्या नोटा बदलल्या आणि अशा छोट्या दुकानांची पंचाईत झाली. यंत्र बदलायचं तर मोठा खर्च, आणि एका ताटामागे सुटणारं तर जेमतेम. काकू नवी नोट घेऊन गल्ल्यातली जुनी काढून देतात. हे त्या दिवसातून किती वेळा करत असतील!

करीच्या एका ताटाची किंमत हजार येनच्या वर न्यायला असे छोटे दुकानदार घाबरतात. हजार ही लोकांच्या मनातली रेघ आहे. मात्र तांदूळ कुणाचं ऐकत नाही. २०२५ च्या वसंतात सुपरमार्केटमध्ये पाच किलो तांदळाची सरासरी किंमत चार हजार येनच्या वर गेली, आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. त्यानंतर या दुकानाने मोठ्या भाताला शंभर येन लावले. आधी तो फुकट होता. रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही, निदान मी तरी ऐकलं नाही.

ताट आलं. लांबट, पांढरं, एका बाजूला भात, एका बाजूला करी. करीचा रंग गडद तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी. तो रंग कांद्याचा आहे. कांदा तासन्‌तास मंद आचेवर परततात, त्याचं पाणी जातं, कांद्यातली साखर करपायच्या जरा आधी थांबतात. वर कोंबडीचे तीन तुकडे, चमच्याने तुटतील इतके मऊ. गाजराचे दोन, बटाट्याचा एकच. काउंटरवर दोन झाकणाच्या भांड्यांत लोणची. एकात लाल फुकुजिनझुके, मुळा, वांगं, कमळकाकडी वगैरे भाज्या बारीक कापून सोया सॉस आणि साखरेत मुरवलेलं. दुसऱ्यात राक्क्यो, लसणीच्या पाकळीएवढे पांढरे कांद्याच्या जातीचे कंद, आंबटगोड आणि कुरकुरीत. ही लोणची हवी तेवढी घ्यायची.

आत्याने आधी नुसता भात खाल्ला. मग नुसती करी, चमच्याच्या टोकावर. मग भात आणि करी जिथे भेटतात तिथून पहिला घास घेतला. शेजारचे सगळे तसंच खात होते, कुणीही ताट कालवत नव्हतं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. परीक्षेचा निकाल लागतोय असं वाटत होतं.

"कांद्यावर कष्ट घेतलेत," ती म्हणाली.

आत्याच्या तोंडून यापेक्षा मोठी पावती मी ऐकलेली नाही. मग तिने यादी सुरू केली: जिरं भाजलंय, धणे आहेत, वेलदोडा आहे, मेथी असावी, कुठलं तरी फळ किसून घातलंय. तिखट जिभेवर लागत नाही, घशात लागतं. आणि हे आजचं नाही.

मी चमकले. तिला मी तोवर सांगितलं नव्हतं.

"आजची असती तर मसाला पुढे आला असता. हा आत गेलाय."

करी रात्रभर मुरली की मसाल्याचा उग्र, कोरडा वास निवतो. बटाट्याच्या कडा विरघळून स्टार्च रश्श्यात उतरतो, कोंबडीत रस्सा शिरतो, सगळं एकजीव होतं. जपानी घरांत 'दुसऱ्या दिवसाची करी' ही कौतुकाची गोष्ट आहे, पण तिच्यात एक धोकाही आहे. मांसाच्या घट्ट रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जीवाणू वाढतो. त्याचे बीजाणू उकळीलाही मरत नाहीत. मोठं पातेलं ओट्यावर तसंच ठेवलं तर ते तासन्‌तास कोमट राहतं, तळाशी हवा पोचत नाही, आणि त्याला नेमकं हेच हवं असतं. इथली आरोग्य केंद्रं दरवर्षी लोकांना बजावतात: करी उथळ भांड्यांत काढा, पटकन थंड करा, फ्रिजमध्ये ठेवा, खाताना ढवळत नीट उकळा. नऊ खुर्च्यांच्या या दुकानाला आहे त्याहून मोठं पातेलं का परवडत नाही, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

दुसरं अर्धं मालकांनी दिलं. शेवटची माणसं उठली, काकूंनी दाराची पाटी आत घेतली, आम्ही दोघीच उरलो. ताटं उचलून काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवली, फडक्याने आपली जागा पुसली आणि 'गोचिसोसामा', म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हटलं. निघायच्या आधी मी आत्याची ओळख करून दिली: नाशिक, डबे, तीस वर्षं, रोज साठ. मालकांनी डोक्याचा रुमाल काढला आणि वाकले. साठ हा आकडा त्यांनी दोनदा म्हणून पाहिला. मग विचारलं, एकट्याने?

"एकटीने," आत्या मराठीत म्हणाली. भाषांतराची गरज पडली नाही.

पुढचा अर्धा तास मी मध्ये उभी राहून दोन स्वयंपाक्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवत होते. कांदा रोज किती? पंधरा किलो. सुरीने? सुरीने, यंत्राने कापला की पाणी सुटतं. फळ कुठलं? सफरचंद. मध? मालकांनी जोरात मान हलवली. कच्चा मध वरून घातला तर रस्सा पातळ होतो. मधातल्या एन्झाइमने स्टार्च तुटतं. घालायचाच तर आधी, नीट उकळून. १९६३ पासून मिळणाऱ्या व्हरमाँट करी या तयार मसाल्याच्या वड्यांमुळे सफरचंद आणि मध ही जोडी घराघरांत गेली, त्यामुळे गिऱ्हाइकं हमखास विचारतात, असं ते म्हणाले. पीठ कशावर परतता? लोण्यावर.

मग आत्याने तो प्रश्न विचारायला लावला. दोन जास्त का नाही ठेवत?

मालकांनी आत नेऊन दाखवलं. स्वयंपाकाची जागा इतकी अरुंद की दोघं समोरासमोर आले तर एकाला मागे जावं लागेल. गॅसवर एक मोठं पातेलं, उद्याचं. खाली बर्फाचं पाणी भरायची टाकी, तिच्यात बसतील अशी सहा पसरट भांडी, आणि शेजारी फ्रिज, ज्यात तीच सहा भांडी मावतात. सातवं मावत नाही. भात दिवसभरात हवा तेवढा लावता येतो, करी नाही. पातेलं मोठं केलं तर ते रात्री वेळेत थंड होणार नाही, आणि थंड न झालेली करी ते कुणाला वाढणार नाहीत. सहा भांडी म्हणजे ऐंशी ताटं आणि वर थोडं.

"वर थोडं म्हणजे किती?" आत्या.

दोन ताटं, ते म्हणाले. एक माझं, एक हिचं. आम्ही अजून जेवलो नाही.

काकू मागून म्हणाल्या की कधीकधी त्यांच्याकडून मोजण्यात चूक होते, रांगेत एखादं माणूस जास्त निघतं. मग ते दोघं कोपऱ्यावर उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, खायला जातात. मागच्या आठवड्यात दोनदा गेले.

मी ते मराठीत सांगितलं. आत्याने पर्स काउंटरवर ठेवली आणि काकूंचा हात हातात घेतला. "दोन जास्तीचे ठेवतात की मग," ती मला म्हणाली. "सांग त्यांना, आमच्याकडेही तसंच होतं. दोन डबे उरले नाहीत तर मी आणि तुझे काका पोहे खायचो."

'पोहे' समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. मालकांनी कागदावर लिहून घेतलं.

आता ज्यांना जिम्बोचोत जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. होता होईल तो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा आणि दुकान उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. ऐन दुपारच्या जेवणाची वेळ सगळ्यात वाईट. छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, सुट्टे पैसे जवळ असू द्या. बड्या बॅगा, प्रवासाच्या ट्रॉल्या नकोत, ठेवायला जागा नसते. पावसात छत्री बाहेरच्या स्टँडमध्ये.

आणि खाण्याची पथ्यं असतील तर हे नीट वाचा. जपानी करीत गाय किंवा डुक्कर असणं अगदी सामान्य आहे, आणि ते फक्त तुकड्यांतच नसतं. कोंबडीची करी म्हणून जी येते तिचा रस्साही कित्येकदा गाईच्या हाडांचा असतो, आणि पीठ परतायला तिचीच चरबी किंवा डुकराची चरबी वापरलेली असू शकते. सुपरमार्केटमधल्या करीच्या वड्यांचंही तेच, घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका. भाजीची करी मागितली तरी रस्सा तोच असू शकतो. म्हणून तिकीट काढायच्या आधी विचारा, यंत्रातून तिकीट निघाल्यावर नव्हे. एका कागदावर जपानीत लिहून न्या: गाय नको, डुक्कर नको, रस्सा आणि चरबीसुद्धा. आत्याला नेण्याआधी मी माझ्या दुकानात हे सगळं विचारून घेतलं होतं. तिथे कोंबडीची हाडं आणि लोणी, बाकी काही नाही. जिथे उत्तर 'माहीत नाही' असं आलं, तिथून मी आभार मानून निघाले आहे. विचारलं म्हणून आजवर कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही. शुद्ध शाकाहारी असाल तर जिम्बोचोतही खास शोधून जावं लागेल, उगाच रांगेत तासभर उभं राहू नका.